संभाजीनगरच्या जुन्या शहरात गाइडसोबत खाद्यफेरी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

खाद्यफेरी म्हटलं की किनारा आणि मासे डोळ्यांपुढे येत असतील, तर आधीच सांगतो: मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि मासा म्हणजे त्यातला रोहू, कटला, फार तर मरळ. तेव्हा किनाऱ्यावर हिंडत सुरमई-बांगड्यावर ताव मारायची हौस असेल तर सरळ मालवणची गाडी पकडा. पण जाणत्या माणसाच्या मागे मागे पायी फिरायचं, एकेका दुकानापाशी थांबून थोडं थोडं चाखायचं आणि ते कुठून आलं हे ऐकायचं असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहराइतकी सोयीची जागा आमच्या आठ जिल्ह्यांत दुसरी नाही. नांदेडकर रागावतील, रागावू देत.

हे लिहितोय ते वाळूज-शेंद्र्याला नोकरीसाठी नव्याने आलेल्यांसाठी, लातूर-परभणी-हिंगोलीहून शिकायला आलेल्या पोरापोरींसाठी आणि वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी. अशा फेरीला हल्ली सगळे ‘फूड वॉक’ म्हणतात. फूड वॉक म्हणजे पोटभर जेवण नाही, हे पहिल्यांदा डोक्यात घ्या. पोटभर जेवायचं तर एकाच खानावळीत बसावं, स्वस्त पडतं. फेरीला आपण पैसे देतो ते ओळखीचे. गाइडच्या ओळखीमुळे भट्टीवाला दोन मिनिटं बोलतो, आत डोकावू देतो, गरम घाणा निघेपर्यंत थांबवतो. ही ओळख ज्याच्याकडे नाही तो गाइड नाही, नुसता वाट दाखवणारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने वाचा.

पहिली पायरी: काय खाणार नाही ते आधी ठरवा

आपण उलटं करतो. आधी फेरी ठरवतो आणि तिथे गेल्यावर, ‘आज माझा गुरुवार आहे’ असं सांगतो. घरातल्या सगळ्यांचे वार, उपास, पथ्य आधी विचारून घ्या. श्रावण असेल, चातुर्मास असेल, कुणी माळकरी असेल, कुणी जैन असेल, कुणाला शेंगदाण्याची किंवा अंड्याची ॲलर्जी असेल. शेंगदाण्याचं विशेष विचारा, कारण मराठवाड्यात दाण्याचं कूट कशात नसतं हे शोधावं लागतं.

ढोबळमानाने जुन्या शहरात दोन वाटा पडतात. पैठण गेटवरून टिळकपथाने गुलमंडीपर्यंतची वाट शाकाहाऱ्यांच्या सोयीची. मिठाई, इमरती, चाट, भजी, कचोरी, रबडी, उसाचा रस, सगळं हाताशी. गुलमंडीवरून मच्छली खडकमार्गे सिटी चौक आणि पुढे बुढ्ढी लेन, शहागंजकडे गेलात की नान, खलिया (मांसाचा मसालेदार रस्सा), कबाब, बिर्याणी सुरू होतं. (मच्छली खडकच्या नावावर जाऊ नका, तिथे आता कपड्यांची दुकानं आहेत.) पैठण गेट ते शहागंज हे सगळं अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे चालणं जास्त नाही, थांबणं जास्त.

घरात दोन्ही प्रकारचे लोक असतील तर दोन्ही वाटा एकाच संध्याकाळी जोडता येतात. आधी गुलमंडी, मग सिटी चौक. शाकाहारी मंडळी शेवटच्या टप्प्यात नुसत्या चहावर बसून राहतील, ते आधीच सांगून ठेवा. नाहीतर नानच्या भट्टीसमोर उभं राहून घरातलं जुनं भांडण निघतं.

मांसाहाऱ्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने विचारायची. घरी आपण ‘मटण’ म्हणजे बोकडाचं असं धरून चालतो. जुन्या शहरात विचारलंत तर ‘छोटे का’ आणि ‘बडे का’ अशी दोन उत्तरं मिळतात. छोटं म्हणजे शेळी-बोकड-मेंढी, बडं म्हणजे म्हशीचं. गायीच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि २०१५ पासून त्यात बैल आणि वळूही आले. म्हशीचं मांस कायदेशीर आहे. काहींना चालतं, काहींना नाही. दुकानदाराला यात राग येत नाही, रोज दहा जण विचारतात. पण प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारा, अर्धा खाऊन झाल्यावर नाही. आणि तोंड वाकडं करून विचारू नका. ‘चाचा, छोटे का है क्या?’ एवढं पुरतं.

दुसरी पायरी: दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर पडण्यात अर्थ नाही, आणि सहाला पडलात तरी तळलेलं नको वाटतं. पावसाळ्यात गल्ल्यांत पाणी साचतं, पण भजी-चहाला तोच मोसम. पावसाळी फेरी हवी असेल तर छोटी घ्या.

पाहुण्यांसाठी एक हिशेब सांगून ठेवतो. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. दोन दिवसांच्या सहलीत यातला एखादा वार आला की सगळे हळहळतात. तो दिवस जुन्या शहराला द्या. सकाळी पाणचक्की, दुपारी झोप, संध्याकाळी फेरी. पाणचक्की मुद्दाम म्हटलं. जुन्या काळी लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ दळलं. खाद्यफेरीची सुरुवात पिठापासून व्हावी यापेक्षा बरं काय?

शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेला सिटी चौक-शहागंजकडची बरीच दुकानं अर्धी मिटलेली असतात. त्या वेळेत जाऊ नका, संध्याकाळी जा. रमजानमध्ये उलटं असतं. दिवसभर त्या भागात शांतता आणि इफ्तारनंतर पाय ठेवायला जागा नाही. हलीमपासून फिरनीपर्यंत सगळं त्या रात्री मिळतं. पण पहिल्यांदाच येणाऱ्याने रमजानची रात्र निवडू नये असं माझं मत आहे. त्या गर्दीत गाइडचा आवाज ऐकू येत नाही, दुकानदाराला बोलायला फुरसत नसते. म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच मिळत नाही. एकदा साधी फेरी करा, ओळख होऊ द्या, मग रमजानला स्वतःच्या पायाने जा. आणि रमजानच्या दिवसात दुपारी त्या गल्ल्यांतून खात-पीत जाऊ नका, हे सांगायला लागू नये.

गणपतीत, विशेषतः अनंत चतुर्दशीला, फेरी ठेवूच नका. मिरवणूक राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघते आणि जुनं शहर वाहनांना बंद होतं.

तिसरी पायरी: गाइड कसा ओळखायचा

पर्यटन खात्याचा परवाना असलेले गाइड शहरात आहेत आणि लेण्यांसाठी ते हवेतच. पण लेण्यांचा उत्तम गाइड खाद्यफेरीलाही उत्तम असेलच असं नाही. त्याला कैलास लेण्यातला प्रत्येक खांब माहीत असतो, भट्टीवाला मात्र ओळखत नाही. त्यामुळे परवाना बघा, पण त्यावरच थांबू नका. फोनवर पाच मिनिटं बोला. बोलणं साधारण असं व्हावं:

‘नमस्कार दादा, शनिवारी संध्याकाळी चार जण आहोत. किती ठिकाणी थांबवता?’

‘बारा-तेरा ठिकाणी नेतो सर, एकदम फुल पॅकेज.’

इथेच सावध व्हा. तीन तासांत बारा ठिकाणं म्हणजे प्रत्येकी पंधरा मिनिटं, त्यात चालणं आलं, सुट्टे पैसे आले, कुणाचं तरी मूल हरवणं आलं. सहाव्या ठिकाणानंतर जीभ काही सांगत नाही. पाच ते सात थांबे सांगणारा माणूस बरा. ‘दोन ठिकाणी बसायचं, बाकी उभ्याने’ असं स्वतःहून सांगणारा आणखी बरा.

मग विचारा: कुठल्या दुकानी नेणार? नावं सांगायला कां-कूं करत असेल तर समजा की वेळेवर जिथे गर्दी कमी तिथे नेणार. आमच्या घरातल्या मंडळींना एकाने असंच फिरवलं होतं. खाणं दोन ठिकाणी आणि साड्या-शालींची दुकानं तीन ठिकाणी. दुकानातून कमिशन घेणं हे या धंद्यात सर्रास चालतं, त्यात चोरीमारी नाही. हिमरू (सुती-रेशमी विणकाम) आणि पैठणी बघायलाही हरकत नाही, दोन्ही इथलीच कारागिरी आहे. पण ती खाद्यफेरीच्या वेळेत नको, एवढं फोनवर स्पष्ट बोलून घ्या.

आता माझा आवडता प्रश्न. संभाजीनगरात नान-खलियाची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराला एकगठ्ठा खाऊ घालायला हा पदार्थ निघाला. गोष्ट छान आहे. मोठमोठ्या देगांत शिजवायचा, शेकडो माणसांना पुरवायचा पदार्थ आहे हे तर दिसतंच. गोष्ट सांगून झाली की त्याला विचारा: ‘मग तुघलकाच्या खलियात मिरची होती का?’

मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीज १४९८ मध्ये समुद्रावरून भारतात पोचले आणि त्यांच्या मागोमाग मिरची आपल्याकडे आली. बटाटा आणि टोमॅटोचंही तसंच. म्हणजे आज समोर येणारा लालभडक तवंगाचा खलिया तुघलकाच्या सैनिकाने बघितलेला असणं शक्य नाही. त्याचा तिखटपणा फार तर मिऱ्याचा, आल्याचा. हा प्रश्न ऐकून जो गाइड हसतो आणि ‘बरोबर पकडलंत, बसा सांगतो’ म्हणतो, त्याच्याबरोबर जा. जो ‘नाही सर, सेम रेसिपी आहे, सातशे वर्षं’ म्हणून रेटतो, तो इतर ठिकाणीही रेटणार.

चौथी पायरी: पैशाचं आधी

चार गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. एक, फीमध्ये खाणं धरलंय की नाही. काही जण नुसती गाइडची फी सांगतात आणि खाण्याचं बिल वेगळं. दोन, लहान मुलांचे पैसे कसे. तीन, रद्द केलं तर ॲडव्हान्स परत मिळतो का. चार, पाण्याची बाटली आणि रिक्षा कुणाची. एवढं झालं की संध्याकाळी वादावादी होत नाही.

यूपीआय बहुतेक गाड्यांवर चालतं, तरी दहा-वीसच्या नोटा खिशात असू द्या. नेटवर्क जुन्या गल्ल्यांत रुसतं. गाइडला शेवटी बक्षीस द्यायचं की नाही ते तुमच्यावर. भट्टीवर काम करणाऱ्या पोराला मात्र द्या, त्याने तुमच्यासाठी काम थांबवलेलं असतं.

पाचवी पायरी: घरून निघण्याआधी

दुपारचं जेवण हलकं. उपाशी मात्र जाऊ नका. उपाशी माणूस पहिल्याच गाड्यावर तीन प्लेट भजी खातो आणि पुढे फेरीभर ढेकर देत फिरतो. वरण-भात किंवा ताक-भाकरी, बस्स.

पायात बंद बूट. गल्ल्यांत पाणी, चिखल, दुचाक्या. गुलमंडीत दुचाकीवाला तुमच्या आणि तुमच्या सावलीच्या मधून गाडी काढतो. साडी नेसायचीच असेल तर सुती आणि घोट्यावर. खांद्याची पिशवी पुढे.

शौचालयाचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. जुन्या शहरात स्वच्छ सार्वजनिक शौचालय, त्यातही बायकांसाठी, मिळणं कठीण आहे. निघताना घरी किंवा लॉजवर जाऊन या. आणि फेरीच्या मध्यावर बसून खायचं जे हॉटेल आहे तिथे सोय आहे का, हे गाइडला आधीच विचारा. चांगला गाइड तो थांबा त्याच हिशेबाने निवडतो.

पाणी बाटलीबंद किंवा घरचं. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतं. गाड्यावरचं पाणी टँकरचं आहे की पिंपातलं, किती दिवसांचं आहे, हे खुद्द गाडेवालाही छातीठोक सांगू शकणार नाही. बर्फाचंही तेच. उसाचा रस घ्याच, बिनबर्फाचा घ्या.

मधुमेह, रक्तदाब असेल तर गोळ्यांची वेळ सांभाळा आणि गाइडला सांगून ठेवा. लाजायचं काय त्यात, मराठवाड्यात दर दुसऱ्या घरात शुगर आहे.

सहावी पायरी: प्रत्यक्ष फेरी

सुरुवात गुलमंडीपासून करा. सुपारी हनुमानाचं देऊळ ही सगळ्यांना माहीत असलेली खूण, भेटायला तीच जागा सोयीची. मंडळी जमेपर्यंत गाइडने शहराची जुजबी गोष्ट सांगावी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवलं, नहरींनी पाणी खेळवलं, १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा बांधला. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला. एवढं बास. जास्त इतिहास रिकाम्या पोटी उतरत नाही.

पहिला थांबा इमरतीचा ठेवावा असं मी म्हणेन. गोड आधी कशाला, असं बायको म्हणते. पण इमरती बनताना बघायची तर तिखटाने डोळ्यांत पाणी यायच्या आधी बघावी. जिलेबी मैद्याची आणि आंबवलेली, म्हणून तिला हलकी आंबूस चव. इमरती उडदाच्या डाळीची. डाळ भिजवून बारीक वाटतात आणि हलकी होईपर्यंत फेटतात. कारागिराच्या हातात एक फडकं असतं, मध्ये बारीक भोक. त्यात पीठ भरून मूठ आवळतो आणि सपाट कढईवर हात फिरवायला लागतो. आधी मधलं कडं, मग त्याच्या भोवती गिरक्या घेत पाकळ्या. शेवटची पाकळी पहिल्या पाकळीला जिथे जुळते तिथे मनगट किंचित वर उचलून धार तोडतो. बघत राहा, त्याचं लक्ष कढईत नसतं, गल्ल्यावरच्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो. उलटवतो, तळतो, पाकात बुडवतो. एक इमरती चौघांत वाटून खा. बाहेरून कुरकुरीत, आत पाक, आणि शेवटी उडदाची चव मागे उरते. ती मागची चव लागली तर डाळ खरी.

त्यानंतर तिखट. भजी, कचोरी, समोसा यात फार वेळ घालवू नका, ते सगळीकडे मिळतं. वाटेत कुठे घरगुती मराठवाडी खाणं देणारी मावशी किंवा छोटी खानावळ गाइडला ठाऊक असेल तर तिथे मात्र थांबा. सुशीला मिळाली तर घ्याच. मुरमुरे भिजवून, पिळून, हळद-मिरची-दाण्याच्या फोडणीत परतायचे, एवढाच पदार्थ, पण पुण्या-मुंबईच्या माणसाला नवा. ज्वारीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी, वर ठेचा, हे चाखायला एक ताट सगळ्यांत पुरतं. जानेवारीत आलात तर हुरडा विचारा. तो शहरात बसून खायचा नसतो, शेतात खायचा असतो. गाइडचं कुणी शेतकरी ओळखीचं असेल तर दुसऱ्या दिवशीची सोय तिथल्या तिथे होते.

सिटी चौकाकडे वळलात की वास बदलतो. नानची भट्टी जिथे असेल तिथे किमान दहा मिनिटं उभं राहा, घाई करणाऱ्या गाइडला थांबवा. भट्टी जमिनीत असते आणि कारागीर तिच्या तोंडाशी वाकून बसतो. शेजारी फळीवर कणकेचे गोळे ओळीने फुगत असतात. एक गोळा उचलतो, दोन्ही हातांवर थापटत मोठा करतो, ओल्या गादीवर पसरतो आणि खांद्यापर्यंत हात आत घालून भिंतीला चिकटवतो. हाताला फडकं गुंडाळलेलं, तरी मनगटावर केस नसतात, जळून गेलेले. मग दोन सळया. एकीला चपटं टोक, तिने नान भिंतीपासून सोडवायचं. दुसरीला आकडा, त्याने ओढून बाहेर काढायचं. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. बाहेर आलेलं नान पिवळसर, जाड, मऊ, हॉटेलातल्या बटर नानशी याचं नात्यापुरतंच नातं. भट्टीवरचं पहिलं नान नुसतंच तोडून खा. खलिया नंतर.

खलिया बसून खायचा. देगातून वाढताना वरचा तवंग बाजूला सारून मागता येतो, पहिल्यांदा खाणाऱ्याने तसंच मागावं. ‘तर्री कम’ म्हणा, कळतं. नानचा तुकडा रश्श्यात बुडवून दोन-तीन सेकंद धरा, तो रस्सा ओढून घेतो. लिंबू पिळा, कांदा तोंडी लावा. दोघांत एक प्लेट पुरते. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत लग्नाच्या दावतीला हेच असतं, तेव्हा गाइडला कुणाच्या दावतीतल्या खलियाची आठवण काढायला लावा. दुकानातला आणि दावतीतला यात काय फरक, हे तो अर्धा तास सांगेल.

आग्रहाचं काय करायचं? आमच्याकडे एकदा ‘नको’ म्हणणं म्हणजे ‘हो’ असतं. दुकानदार ताटात आणखी टाकतोच. पहिला आग्रह मोडू नका, घासभर घ्या. दुसऱ्याला ताटावर हात आडवा धरा. इकडची मंडळी ‘नक्को’ म्हणतात, तेही चालतं. ताटात टाकून देऊ नका मात्र. त्याचा राग येतो, आणि यायलाच हवा.

शेवटी चहा किंवा पान. चहा शहागंजला घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास कुठेही. पानासाठी हौशी लोक रिक्षा करून उस्मानपुऱ्यात तारा पानला जातात. पैसे भरपूर घालवायचे असतील तर तिथे सोय आहे. साधं मसाला पान वाटेत कुठल्याही टपरीवर.

सातवी पायरी: डोळे उघडे ठेवा

स्वच्छतेचा बाऊ करू नका आणि आंधळेपणाही नको. दुकानात परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक लावलेला असतो, बघून घ्या. छोट्या गाड्यावर तो दिसला नाही तर तेल बघा. काळं, फेसाळ, धूर सोडणारं तेल म्हणजे कालचं-परवाचं. तिथून गाइडला हळूच पुढे न्यायला सांगा. वर्तमानपत्राच्या कागदावर भजी देत असतील तर प्लेट मागा. छपाईची शाई पोटात जाते म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला नियमाने मनाई आहे, तरी देतात.

सगळ्यात सोपी परीक्षा गर्दीची. ज्या गाड्यावर आसपासचे हमाल, दुकानातले नोकर, शाळेतून येणारी पोरं खातात तिथला माल शिळा राहत नाही. गाडा चकाचक आहे पण गिऱ्हाईक फक्त कॅमेरा घेतलेले, तिथे मी खात नाही.

आठवी पायरी: बोलणं आणि फोटो

गल्ल्यावरच्या वयस्कर माणसाला चाचा किंवा मामू, गुलमंडीकडे काका. बाईमाणसाला मावशी किंवा खाला. ‘ए भाऊ’ म्हणून टिचकी वाजवणाऱ्याला शेवटची प्लेट मिळते. मराठी सगळ्यांना कळतं, दखनी हिंदी तुम्हालाही कळेल. मोडकं बोललात तरी कुणी हसत नाही.

फोटो विचारून. पदार्थाचा काढायला कुणी नाही म्हणत नाही. माणसाचा काढायचा तर आधी त्याच्याशी बोला, खा, मग विचारा. बायकांचे, मशिदीच्या दारातले, घरांच्या खिडक्यांतले फोटो नकोत. व्हिडिओ काढायचा असेल तर गर्दी ओसरेपर्यंत थांबा. मोबाइल उंच धरून भट्टीसमोर मध्येच उभं राहिलं की मागच्या दहा जणांचं नान अडतं.

‘तुमच्या मसाल्यात काय घालता?’ हा प्रश्न विचारू नका. तो सांगणार नाही, आणि सांगितलं तर खोटं सांगेल. त्यापेक्षा ‘किती वाजता उठता? पहिली भट्टी कधी लागते?’ हे विचारा. त्याचं उत्तर प्रत्येक जण मनापासून देतो.

नववी पायरी: पोट बिघडलं तर

नव्या तेला-मसाल्याने एखाद्याचं बिघडतं. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, दुसऱ्या दिवशी ताक-भात. ताप आला, रक्त पडलं, उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत तर वाटच बघू नका. आणि गाइडला कळवा, दोष द्यायला नव्हे. त्या संध्याकाळी आणखी कुणाला त्रास झाला का हे त्याला विचारता येतं आणि दुकान बदलता येतं.

दहावी पायरी: घरी काय न्यायचं

नान परत घेऊन जा, दोन दिवस टिकतं. फ्रीजमध्ये ठेवू नका, कडक होतं. कापडात गुंडाळा. गरम करताना वरून पाण्याचा हबका मारा, तवा मंद ठेवा, झाकण घाला, एक-दोन मिनिटांत पुन्हा मऊ होतं. खलिया पार्सल घेतलात तर त्याच रात्री संपवा. गाडीत पाच-सहा तास उबेत राहिलेला खलिया नांदेडला पोचेपर्यंत खाण्याजोगा राहत नाही, मोह टाळा. इमरती डब्यात उघडी ठेवू नका, मुंग्या वाट बघत असतात. आणि सीताफळाचा मोसम असेल तर दौलताबादकडून येणारी सीताफळं घ्या. घट्ट, डोळे नुकते उघडायला लागलेली. पिकलेली घेतलीत तर बसमध्ये शेजारच्याच्या धोतरावर सांडतात.